शेतावरील गाडीचा मागील बंपर : तो कोठे व कसा जोडावा

शेतमालाची व खताबियाण्याची ने-आण करण्यासाठी बैलगाडीच्या जोडीस, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी, आता पिकअप व जीप या जातीच्या गाड्या आल्या आहेत. समूह विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली, त्या काळी कित्येक आडगावांत विकास गटाच्या जीपखेरीज दुसरी मोटार क्वचितच दृष्टीस पडे. आज तशा गाड्या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या झाल्या आहेत. ओढ्यातून जाणे, बांध ओलांडणे, चिखलात रुतलेली ट्रॉली ओढून काढणे, बाजाराच्या गर्दीत माल उतरविण्यासाठी मागे घेणे, ही कामे या गाड्यांना नित्याची असतात. त्यांत गाडीच्या मागील अंगास मार बसतो. फाळका वाकतो, दिव्यांच्या काचा फुटतात, आणि मग मालक गावातील वेल्डरकडे जाऊन जाड पत्र्याचा एक भक्कम बंपर करून घेतो.

हा बंपर दिसावयास भक्कम असतो. परंतु तो गाडीला कशाने व कोठे जोडला आहे, हे पाहिल्यावर पुष्कळदा निराशा होते. बैलगाडीची साटी कितीही मजबूत असो, ती कण्यावर नीट आवळलेली नसेल तर पहिल्याच खड्ड्यात सरकते. बंपरचेही तसेच आहे. त्याला बसलेला धक्का किंवा त्याच्या आकड्याला लागलेली ओढ शेवटी जोडावर जाते. जोड कच्चा असेल तर पत्रा जाड असून काही उपयोग होत नाही. उलट, दोराला बांधलेला आकडा सुटून माणसाच्या अंगावर येण्याचा धोका निर्माण होतो. यास्तव या लेखात बंपरच्या आकारापेक्षा त्याच्या जोडाविषयी अधिक लिहिले आहे.

प्रथम परवानगीचा विचार

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकास गाडीत करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून, गाड्यांना बाहेरून लावलेल्या लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले होते. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा रचनेतील बदल चालणार नाही, असा निर्णय दिला. पायी चालणाऱ्यास व दुचाकीस्वारास अशा लोखंडी चौकटींचा मार अधिक लागतो, आणि गाडीत बसलेल्यांना सांभाळण्यासाठी उत्पादकाने केलेली योजना त्यांमुळे निष्फळ होऊ शकते, हे या कडक धोरणामागील मुख्य कारण होय.

म्हणून शेतकरी बंधूंनी वेल्डरकडे जाण्यापूर्वी दोन ठिकाणी चौकशी करावी. पहिले ठिकाण म्हणजे गाडीच्या उत्पादकाचा अधिकृत विक्रेता. त्या गाडीसाठी उत्पादकाने मान्य केलेला मागील बंपर मिळत असेल तर तोच घ्यावा. दुसरे ठिकाण म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालय. बाहेर करून घेतलेला बंपर चालेल किंवा नाही, हे तेथे लेखी विचारावे, आणि तोंडी होकारावर विसंबून राहू नये. परवानगी मिळाल्यास ती विमा कंपनीसही लेखी कळवावी. अपघात झाल्यावर, बदल कळविला नव्हता या मुद्द्यावर भरपाईचा वाद निघाला तर तो वर्षानुवर्षे चालतो.

ज्याची गाडी केवळ डांबरी रस्त्याने तालुक्यास जाते व येते, त्याने जाड बंपरच्या फंदात पडू नये हे उत्तम. मूळचा बंपर वाकतो तो काही अंशी वाकण्यासाठीच केलेला असतो. तो चेपला जाताना धक्क्याचा जोर खातो. अगदी ताठ बंपर काहीच खात नाही. सगळा हिसका चासीवर आणि तेथून आत बसलेल्या माणसांच्या मानेवर जातो. खडकाळ वाटा, ओढ्याचे उतार, वारंवार ओढावी लागणारी ट्रॉली अशी ज्यांची खरी गरज आहे, त्यांच्यासाठी पुढील माहिती आहे.

वजनाचा हिशेब

पाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३९ किलो भरते. १६० सेंटिमीटर लांबीचा आणि उलगडून ५० सेंटिमीटर रुंदीचा बंपर केला तर नुसता पत्राच ३१ किलोंचा होतो. त्याला दोन्ही बाजूंचे जोडपट्टे, आकडे व पाइप जोडले म्हणजे एकंदर ४५ किलो सहज होतात. जवळजवळ एक पोते खत गाडीला कायमचे बांधून ठेवल्यासारखेच हे आहे, आणि तेवढा माल कमी भरावा लागतो. नोंदणी प्रमाणपत्रात दिलेले एकूण वजन काही वाढत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे वजन मागील चाकांच्याही मागे टांगलेले असते. पहारेखाली टेकू देऊन एक टोक दाबले म्हणजे दुसरे उचलले जाते. येथे मागील आस हा टेकू होय. पुढील व मागील आसांतील अंतर २.७ मीटर असेल आणि बंपर मागील आसापासून १.२ मीटर मागे असेल, तर ४५ किलोंच्या बंपरमुळे मागील चाकांवर ६५ किलो भार वाढतो आणि पुढील चाकांवरचा २० किलोंनी कमी होतो. भरलेल्या गाडीची पुढची चाके अगोदरच हलकी झालेली असतात. ओल्या चढावर तिचे स्टिअरिंग आणखी हलके लागू लागले तर नवल नाही. म्हणून आठ-दहा मिलिमीटर जाडीचा पत्रा मागणाऱ्या मालकास वेल्डरने परावृत्त करावे. चार ते पाच मिलिमीटरचा पत्रा, त्याच्या कडा मोडून घेतल्या तर, या कामास पुरेसा होतो. जाडी वाढवावयाचीच असेल तर ती जोडपट्ट्यांची वाढवावी. तेथे आठ मिलिमीटर योग्य होय.

जोड चासीशीच हवा

पिकअप व जीप जातीच्या बहुतेक गाड्यांना खालून दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, अशी शिडीसारखी चासी असते. बंपरचे दोन्ही जोडपट्टे या दोन लांब तुळयांनाच आले पाहिजेत. हौद्याच्या पत्र्याला, फाळक्याखालच्या पट्टीला किंवा मडगार्डच्या आधाराला बंपर कधीही जोडू नये. काही गाड्यांना अशी वेगळी चासीच नसते. त्यांचा साचा व चासी मिळून एकच असते. तशा गाडीस जड बंपर बसविण्याचा विचार सोडून द्यावा.

शक्यतो उत्पादकाने पाडलेली भोकेच वापरावीत. नवीन भोक पाडणे अपरिहार्य असेल तर ते तुळईच्या उभ्या अंगात पाडावे. वरच्या व खालच्या आडव्या कडांवर भोक पाडू नये. गाडी भरली म्हणजे तुळई वाकू पाहते, आणि तो ताण वरच्या व खालच्या कडांवरच सर्वांत अधिक येतो. तेथे भोक असेल तर चीर तेथूनच सुरू होते. भोक ड्रिलने पाडावे. गॅसच्या ज्योतीने पाडलेले भोक वेडेवाकडे होते आणि भोवतालचे पोलाद तापून त्याचे गुण बदलतात.

चासीवर वेल्डिंग करण्याचा मोह कारागिरास फार होतो, कारण ते काम लवकर उरकते. तो मोह टाळला पाहिजे. उत्पादकाने स्पष्ट सांगितल्याखेरीज चासीवर वेल्डिंग करू नये. जोडपट्टे बंपरला वेल्ड करावेत, पण ते वेल्डिंग बंपर गाडीपासून दूर, जमिनीवर ठेवून करावे. मागील भागात डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या व तारा असतात. शिवाय आजच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेल्डिंगच्या प्रवाहाने निकामी होऊ शकते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्ड करावयाचा झाल्यास प्रथम मुलामा घासून काढावा. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आता बोल्टाविषयी. सामान्य हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा बोल्ट आणि माथ्यावर ८.८ असा आकडा उठविलेला बोल्ट, हे दोन्ही वरवर सारखेच दिसतात. परंतु १२ मिलिमीटर व्यासाचा ४.६ प्रतीचा साधा बोल्ट ताणून तोडावयास सुमारे साडेतीन टन जोर लागतो, तर त्याच मापाच्या ८.८ प्रतीच्या बोल्टास सुमारे पावणेसात टन. किमतीतील फरक थोड्या रुपयांचा असतो. दर बाजूस निदान तीन बोल्ट, दोन्ही अंगांस जाड वायसर आणि आतून नायलॉनचे कडे असलेला नट, एवढे साहित्य सांगून घ्यावे. माथ्यावर आकडा नसलेला बोल्ट दुकानदाराने कितीही भलावण केली तरी परत करावा.

प्रत्यक्ष बसविताना

काम सपाट व घट्ट जमिनीवर करावे. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. गाडी उचलावी लागली तर ती केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. पक्क्या घोड्यांवर टेकवावी. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवावी. जुन्या बंपरचे बोल्ट गंजलेले असल्यास आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांवर डिझेल किंवा गंज सोडविणारे तेल सोडावे, म्हणजे सकाळी पान्ह्याला ते दाद देतात. दिव्यांच्या तारा काढण्यापूर्वी त्यांवर खुणेच्या चिकटपट्ट्या लावाव्यात.

नवा बंपर दोघांनी उचलून जॅक व लाकडी ठोकळ्यांवर योग्य उंचीस धरावा. सर्व बोल्ट प्रथम हातानेच फिरवून बसवावेत. एकही बोल्ट या वेळी आवळू नये. मग मागे दहा-बारा पावले जाऊन बंपर हौद्याशी समांतर आहे की नाही ते पाहावे आणि दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजावी. हौदा व बंपर यांमध्ये सर्वत्र निदान १५ मिलिमीटर फट असावी. खडबडीत वाटेवर चासी पिळली जाते. तिच्या हलण्याचे माप आणि वरच्या साच्याच्या हलण्याचे माप एक नसते. फट नसेल तर बंपर हौद्याचा पत्रा कापीत राहतो. सायलेन्सरच्या नळीपासूनही तो दूर असावा.

जागा मनाजोगी जमल्यावर चासीकडील बोल्ट प्रथम, बाहेरचे नंतर, आणि डावा-उजवा आलटून-पालटून असे आवळावेत. १२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टास सुमारे ८ किलोग्रॅम-मीटर पीळ द्यावा लागतो. पीळ मोजणारा पान्हा वर्कशॉपमध्ये नसेल तर, ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकावर २० किलोंइतका जोर, असे समजावे. पान्ह्याला लांब पाइप घालून त्यावर उभे राहणारे कारागीर आढळतात. त्याने बोल्ट ताणला जातो आणि वरून घट्ट दिसूनही आतून दुबळा होतो. आवळून झाल्यावर प्रत्येक नटावर व शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला असे जाणावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण रंगाचे व पत्र्याचे थर बसले की जोड थोडा सैल होतोच.

बंपर किती खाली असावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मागील टायर जमिनीस जेथे टेकतो तेथून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत एक सुतळी ताणून धरावी. सुतळीने जमिनीशी केलेला कोन जितका मोठा, तितक्या तीव्र उतारावरून गाडी मागे न घासता बाहेर पडते. बंपर खाली आणला की हा कोन घटतो आणि ओढ्याच्या काठावर बंपर जमिनीत रुततो. पण फार उंच ठेवणेही बरे नव्हे, कारण मागून आदळणारी मोटारसायकल त्याच्या खाली घुसते. मोठ्या मालमोटारींना मागे जो आडवा दांडा लावावा लागतो, त्याची खालची कड रिकाम्या गाडीस जमिनीपासून ५५० मिलिमीटरहून अधिक उंच नसावी असे भारतीय मानक आहे. पिकअपच्या मालकानेही ही मर्यादा ध्यानात ठेवावी. टोके गाडीच्या रुंदीबाहेर येऊ देऊ नयेत व ती गोल करावीत. चौकोनी, धारदार टोकाने अंगणात खेळणाऱ्या मुलाचे डोके फुटू शकते.

दिवे, नंबराची पाटी व स्टेपनी या तीन गोष्टी बंपरने झाकल्या जाता कामा नयेत. उच्च सुरक्षा नंबर पाटी एकदाच बसणाऱ्या कुलुपांनी जोडलेली असते; ती न मोडता काढता येत नाही. म्हणून पाटी जेथे आहे तेथेच राहील असा बंपरचा आकार ठरवावा. पुष्कळ पिकअप गाड्यांची स्टेपनी हौद्याखाली असते. ती खाली सोडण्याचा दांडा घालण्यास बंपरमध्ये भोक ठेवले आहे काय, आणि स्टेपनी खरोखर बाहेर निघते काय, हे कारागिराचे पैसे चुकते करण्यापूर्वी स्वतः करून पाहावे. दोन्ही टोकांस लाल परावर्तक पट्टी लावावी. ऊस वाहतुकीच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांवर दुचाकीस्वार आदळतात. थोडक्या किमतीची ही पट्टी तेथे फार उपयोगी पडते.

टोचन करताना

बंपर करून घेणाऱ्या बहुतेकांचा खरा हेतू मागे ओढण्याचा आकडा मिळावा हा असतो. तो आकडा बंपरच्या मधोमध नुसत्या पत्र्यावर वेल्ड केलेला असेल तर तो ताबडतोब कापून टाकावा. ओढण्याचे कडे चासीला जाणाऱ्या जोडपट्ट्याच्याच रेषेत असावे. उत्तम रीत अशी की जोडपट्टा अखंड ठेवून तो बंपरच्या पत्र्यातील फटीतून बाहेर काढावा आणि त्यातच शॅकलसाठी भोक ठेवावे. म्हणजे ओढ पत्र्यावर किंवा वेल्डिंगवर न येता सरळ चासीवर जाते. ट्रॉली जोडण्याचा गोल लट्टू हा रुतलेली गाडी ओढण्यासाठी नसतो. तो मोडून उडाला तर तोफेच्या गोळ्यासारखा जातो.

काळ्या जमिनीत चाके तुंब्यापर्यंत रुतली असतील तर लागणारी ओढ त्या गाडीच्या संपूर्ण वजनाइतकी असते असे धरून चालावे. भरलेल्या ट्रॉलीस ती आणखी भारी पडते. अशा वेळी दोर ढिला सोडून गाडी वेगाने पुढे नेण्याची व हिसका देण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिचा हिशेब असा आहे. १८०० किलोंची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने निघाली आणि ताणला न जाणाऱ्या साखळीने ती दहा सेंटिमीटरांत थांबविली, तर साखळीवर सरासरी सात टन जोर येतो. तोच हिसका एक मीटर ताणल्या जाणाऱ्या नायलॉनच्या रुंद पट्ट्याने घेतला तर जोर पाऊण टनाच्या आत राहतो. म्हणून साखळीने किंवा तारेच्या दोराने हिसका कदापि देऊ नये. प्रथम ट्रॉलीतील माल उतरवावा, चाकांपुढील चिखल फावड्याने काढून तेथे पऱ्हाट्या, दगड किंवा फळ्या घालाव्यात, आणि मग दोर ताठ करून संथपणे ओढावे. यास अर्धा तास अधिक लागतो एवढेच.

ताणलेल्या दोरात जोर साठलेला असतो, आणि तो तुटला की मागे उडतो. बारदानाचे ओले पोते किंवा जाड घोंगडी दोराच्या मध्यावर टाकावी, म्हणजे तो हवेत न उडता खाली पडतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणीही उभे राहू नये. दोर ओलांडू नये, त्यावर पाय ठेवू नये. गाडी रुतली की बघ्यांची व मुलांची गर्दी जमते. ग्रामपातळीवरील कार्यकर्ता अशा ठिकाणी हजर असेल तर त्याने ओढणाऱ्यास सूचना देण्यापूर्वी ही गर्दी हटवावी.

गंज

खतांची व मिठाची वाहतूक करणाऱ्या गाड्यांना, तसेच कोकणपट्टीतील गाड्यांना, गंज फार लवकर चढतो. युरियाचे सांडलेले दाणे ओल धरून पत्र्याच्या सांध्यात बसतात. बंपर गाडीस लावण्यापूर्वी त्याला सर्व बाजूंनी घासून रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत व वर रंग द्यावा. चासीत नवी पाडलेली भोके आणि एकमेकांवर बसणारे पृष्ठभागही रंगवूनच जोडावेत. बंपरच्या खालच्या घडीत पाणी साचू नये म्हणून बोटभर मापाची दोन-तीन भोके ठेवावीत. पाइप वापरला असल्यास त्याची तोंडे वेल्ड करून बंद करावीत. खत वाहून आल्यावर त्याच दिवशी मागील भाग पाण्याने धुवावा. मृगापूर्वी व दिवाळीनंतर, असे वर्षातून दोनदा, चिखल खरवडून जोडपट्ट्यांच्या वेल्डिंगवर बारीक चीर दिसते काय ते पाहावे. चीर असल्यास रंगावर गंजाची तांबूस रेघ उमटते. अशा बंपरने ट्रॉली ओढण्याचे काम दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवावे.